मुंबईत दोनच दिवस आहेत? मग आधी परळला चला



गेल्या हिवाळ्यात परभणी जिल्ह्यातून तिघे जण आमच्याकडे उतरले होते. दोन मुलगे आणि एक मुलगी. शुक्रवारी बँकेची परीक्षा, परतीचं तिकीट रविवारी रात्रीच्या देवगिरीचं. मधले दोन दिवस मोकळे. मुंबई आधी कधी पाहिली आहे का, असं विचारलं तेव्हा तिघंही 'नाही' म्हणाले. मग थोड्या वेळानं मोठा मुलगा म्हणाला, "म्हणजे मी एकदा आलो होतो, सहा डिसेंबरला, आईबापासोबत. सात वर्षांचा असेन. पण ती काही मुंबई पाहणं नव्हे."

हे वाक्य आमच्या डोक्यात राहिलं. आपल्या समाजातल्या हजारो माणसांची मुंबईची पहिली फेरी सहा डिसेंबरचीच असते. रात्रभर उभ्यानं रेल्वेचा प्रवास, शिवाजी पार्कावरचा मंडप, चैत्यभूमीची रांग, पुस्तकांचे स्टॉल, कुणीतरी वाटलेली पुरीभाजी आणि पुन्हा रेल्वे. माणूस दादर स्टेशनच्या बाहेर एक-दीड किलोमीटरच्या परिघात दोन दिवस काढतो आणि घरी जातो. त्या दोन दिवसांत काही वर्तमानपत्रांना आणि आसपासच्या सोसायट्यांना फक्त कचरा आणि ट्रॅफिक दिसतं, ती गोष्ट वेगळी. पण आपल्यालाही वाटतं की हे शहर आपलं नाही, आपली फक्त ती रांग आहे. याबद्दल आम्हाला बोलायचं आहे.

त्या तिघांनी मोबाइलवर यादी करून आणली होती. गेटवे ऑफ इंडिया, ताज हॉटेल, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, अँटिलिया बाहेरून, मन्नत बाहेरून, जुहू चौपाटी. 'मुंबईत दोन दिवस' असं शोधलं की कुठलाही व्हिडिओवाला हीच यादी सांगतो. आम्ही ती वाचली आणि खरं सांगायचं तर आम्हाला राग आला. दुसऱ्यांच्या घरांसमोर, तेही बंद फाटकासमोर उभं राहून फोटो काढायचा, याला शहर पाहणं म्हणायचं? सगळ्यात श्रीमंत माणूस कुठे राहतो ते बाहेरून बघायचं, सगळ्यात मोठा नट कुठे राहतो ते बाहेरून बघायचं, सगळ्यात महाग हॉटेल बाहेरून बघायचं. 'बाहेरून' हा शब्द त्या पोरांनी स्वतःच्या हातानं यादीत लिहिला होता. हजारो वर्षं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या पोरांनी तो शब्द इतक्या सहज लिहावा, हे आम्हाला झोंबलं.

पण राग येणं सोपं असतं. आमच्यातलेच काही साथी म्हणाले, "फिरणं-बिरणं ही सगळी भांडवली चैन आहे. त्यांना रविवारच्या बैठकीला घेऊन या, केडर घडेल." तेही आम्हाला पटलं नाही. शनिवार-रविवार मोकळा मिळणं ही चैन आहे, असं म्हणणाऱ्या साथीनं रविवारची सुट्टी आली कुठून ते एकदा वाचावं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, ही तिची मुख्य मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला कामगारांची मोठी सभा झाली, तिथे स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा १९४६ साली झाला. सुट्टीचा दिवस आपल्या माणसांनी भांडून मिळवला आहे. तो कसा घालवायचा हे मन्नतच्या फाटकानंही ठरवू नये आणि आमच्या बैठकीनंही ठरवू नये.

म्हणून आम्ही तिघांना म्हणालो, "पोरांनो, तुमची यादी खिशात ठेवा. शनिवार सकाळ आम्हाला द्या. नंतर ठरवू."

शनिवारी सकाळी परळ. पोयबावडीची बीआयटी चाळ. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर शहर 'सुधारायला' सरकारनं हा ट्रस्ट काढला आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. एकेक खोलीचं बिऱ्हाड, समोर लांब गॅलरी, संडास सामाईक. यातल्या एक नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेबांचं कुटुंब सुमारे बावीस वर्षं राहिलं. एक खोली घरासाठी, एक अभ्यासासाठी.

जिन्यात उभं राहून आम्ही पोरांना एवढंच सांगितलं की तारखा लावून बघा. कोलंबियाला जाताना पत्ता हाच. परत येऊन सिडनहॅममध्ये प्राध्यापक झाले तेव्हा पत्ता हाच. 'मूकनायक' १९२० साली निघालं तेव्हा हाच. शाहू महाराज भेटायला आले ते इथे. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, मनुस्मृती जाळली ती त्याच वर्षी डिसेंबरात, काळारामाचा सत्याग्रह १९३० चा, गोलमेज परिषदेला बोटीनं निघाले ते १९३० च्या ऑक्टोबरात, पुणे करार १९३२ चा. या सगळ्या काळात या माणसाचा घरचा पत्ता हा जिना आहे. रमाई याच गॅलरीत पाणी भरायच्या. लेकरं गमावली ती याच बिऱ्हाडात.

धाकटा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, आमचं रूम याच्यापेक्षा मोठं आहे." तो औरंगाबादला, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरला, चौघांत एक खोली करून अभ्यास करतो. आम्ही काही बोललो नाही. भाषणात 'बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे' हे त्यानं शंभरदा ऐकलं असेल. खोलीचा आकार त्यानं पहिल्यांदा पाहिला.

एक सूचना इथेच करून ठेवतो. या चाळीत माणसं राहतात. राष्ट्रीय स्मारक करण्याच्या घोषणा झाल्या, पण आज त्या दारामागे कुणाचा तरी संसार आहे, कुणाची तरी डाळ शिजते आहे. दहा जणांचा घोळका घेऊन घोषणा देत वर चढू नका. दार वाजवून विचारा, नाही म्हणाले तर गॅलरीतून हात जोडा आणि खाली या. आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं. प्रत्येक वेळी असं होईल याची खात्री आम्ही देणार नाही आणि त्यांच्यावर तशी सक्तीही नाही.

चाळीपासून चालत जवळच दामोदर हॉलची जागा. ९ मार्च १९२४ ची सभा इथली, त्यातूनच जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. आणि परळचं कामगार मैदान. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप केला, त्याची प्रचंड सभा या मैदानावर झाली. आजूबाजूला बघितलं तर गिरण्यांच्या चिमण्या आता शोधाव्या लागतात. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि तो तिघांच्या यादीत नव्हता याचं आम्हाला आश्चर्य वाटलं.

गिरणगावाबद्दल हळवं होण्याची मराठी माणसाला सवय आहे. १९८२ च्या संपाबद्दल लिहिताना सगळ्यांचा गळा दाटतो. आमचाही दाटतो. पण पोरांना ही बाजूही सांगितली पाहिजे की याच गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि त्याच्या उष्ट्या धाग्याला सवर्ण कामगार हात लावणार नाही. बाबासाहेबांनी संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. कामगार एक आहे हे मान्य, पण कोणत्या खात्यात? हा प्रश्न आजही कुठल्याही कार्यालयात विचारून बघा. गटारात उतरणारा कंत्राटदाराचा माणूस आणि वातानुकूलित केबिनमधला साहेब, दोघांची आडनावं लिहून काढा.

दुपारी फोर्ट. शनिवारीच इथे या, रविवारी कॉलेजं बंद असतात. सीएसएमटीपासून डी. एन. रोडवर पाच-सात मिनिटं चाललं की बुद्ध भवन आणि आनंद भवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ ची, सिद्धार्थ कॉलेज पुढच्याच वर्षीचं. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग, ही या कॉलेजची ओळख. शहराच्या सगळ्यात महागड्या रस्त्यावर, बँका आणि विमा कंपन्यांच्या रांगेत, बाबासाहेबांनी आपल्या पोरांच्या कॉलेजसाठी जागा मिळवली. ती वस्तीत मिळवली नाही, हेही लक्षात घ्या.

तिथून काळा घोडा. एल्फिन्स्टन कॉलेज, जिथे ते सयाजीराव महाराजांच्या महिना २५ रुपयांच्या मदतीवर शिकले. प्रोफेसर मुल्लर त्यांना पुस्तकं द्यायचे. आणि कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा काय, पाणीही देत नसे.

याच भागात एका जुन्या इमारतीच्या दारात पहारेकऱ्यानं आम्हाला अडवलं. कुठली ते सांगत नाही, कारण प्रश्न एका इमारतीचा नाही. आमच्या पुढून दोन परदेशी पाहुणे सरळ आत गेले. आम्हाला मात्र "क्या काम है?" परभणीच्या पोरांच्या पायातल्या चपला आणि पाठीवरच्या सॅका त्यानं बघितल्या. आत जायला सगळ्यांना मुभा आहे हे आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही थांबलो, शांतपणे बोललो आणि गेलो. पण तिघंही तोवर फुटपाथवर उतरून उभे राहिले होते. कुणी त्यांना 'निघा' म्हटलं नव्हतं. ते आपणहून उतरले. पहारेकऱ्यावर आम्ही चिडलो नाही. तोही बहुतेक आपल्यासारख्याच कुठल्या तरी गावचा, कंत्राटी, बारा तासांच्या ड्युटीवर. ४८ तासांचा आठवडा त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. पण आपल्या पोरांना आपणहून खाली उतरण्याची सवय कुणी लावली, यावर आम्ही बराच वेळ विचार करत राहिलो.

आणि मग त्या मुलीनं आम्हाला धरलं. जहांगीरच्या पायऱ्यांवर बसून वडापाव खात होतो, तेव्हा ती म्हणाली, "दादा, ताई, राग मानू नका. पण सकाळपासून आपण नुसता अपमानच ऐकतोय. शाळेत डबा फळ्यामागे ठेवलेला म्हणून पोरं ओरडली, कॉलेजात चहा दिला नाही, प्राध्यापक झाले तर माठातलं पाणी घेऊ दिलं नाही. हे आम्हाला पाठ आहे. हे आमच्याबरोबर गावातही होतं. मुंबईत येऊनही तेच बघायचं का? समुद्र आम्ही कधी बघायचा?"

आमच्याकडे तयार उत्तरं पुष्कळ असतात. त्या दिवशी एकही नव्हतं. खरं म्हणजे ती बरोबर बोलत होती. चळवळीत आम्ही तरुण पोरांना जे शहर दाखवतो, जो इतिहास सांगतो, त्यात जखमा भरपूर आणि मोकळा श्वास कमी. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले, हे आम्ही भाषणात एका वाक्यात गंमत म्हणून सांगतो आणि पुढे जातो. त्या माणसाला व्हायोलिन शिकावंसं वाटलं, बाग असावीशी वाटली, घर बांधताना आधी ग्रंथांचा विचार करावासा वाटला, ते सुखासाठीच ना? आपण ज्या माणुसकीच्या हक्काबद्दल रात्रंदिवस बोलतो, त्यात समुद्रावर दोन तास काही न करता बसण्याचा हक्क येत नाही का? अन्यायाची आठवण ठेवायचीच, पण आठवणींचा पहारा पोरांच्या सुट्टीवर बसवायचा नाही, एवढं तरी आम्ही त्या पायऱ्यांवर मान्य केलं.

तरी जाता जाता एक थांबा आम्ही मिळवलाच. चर्नी रोड स्टेशनला लागून बाग आहे. शाळकरी वयात बाबासाहेब संध्याकाळी या बागेत वाचत बसायचे. तिथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृ. अ. केळुसकर यांच्या नजरेला हा मुलगा पडला. मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे सयाजीरावांकडे शब्दही टाकला. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत माणसांच्या गर्दीत वाचता येत नव्हतं, म्हणून पोरगं सार्वजनिक बागेत आलं. तिथे प्रवेशाला कुणाचं आडनाव लागत नव्हतं. १९५६ च्या नागपूरकडे जाणारी एक वाट त्या बाकड्यावरून निघते, असं आम्ही म्हणालो. मुलगी हसली आणि म्हणाली, "हा थांबा चालेल."

नंतर मरीन ड्राइव्ह. तिघांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हाचं वर्णन आम्ही करत बसत नाही. भरती होती. धाकट्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. कुल्फी खाल्ली. रात्री दहापर्यंत कट्ट्यावर बसलो आणि एकदाही 'व्यवस्था' हा शब्द कुणी उच्चारला नाही.

रविवारी पहाटे दादर. चैत्यभूमीला सहा डिसेंबरशिवायच्या कुठल्याही दिवशी पहाटे जाऊन बघा. मोठा मुलगा आत बराच वेळ बसला. रांगेत त्याला मागून ढकललं होतं तेवढंच आठवत होतं, आता त्याला पहिल्यांदा शांतपणे बसायला मिळालं. ७ डिसेंबर १९५६ ला इथे अंत्यसंस्कार झाले. स्तूप पुढे भय्यासाहेबांच्या पुढाकारानं लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला. बाजूला किनाऱ्याने चालत गेलं तर इंदू मिलची जागा. ६ डिसेंबर २०११ ला आपले कार्यकर्ते त्या गिरणीत घुसले नसते तर तिथे आज काय असतं, याचा अंदाज परळच्या मॉलवरून करता येतो. पायाभरणी २०१५ ची, काम अजून चालूच. पुतळा किती फूट उंच यावर जेवढी चर्चा झाली तेवढी तिथे ग्रंथालय कसं असेल यावर झालेली आमच्या तरी कानावर नाही.

दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत, राजगृह. ग्रंथांसाठी बांधलेलं घर. ७ जुलै २०२० ला या घराच्या आवारात तोडफोड झाली, कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या. पुस्तकं ठेवायला बांधलेल्या घराचा इतका राग येणारी माणसं अजून आहेत. जवळच गोकुळदास पास्ता लेनमध्ये आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस होतं. 'होतं' म्हणतो कारण २५ जून २०१६ च्या रात्री ते पाडण्यात आलं. ज्या छापखान्यातून बाबासाहेबांची वृत्तपत्रं निघाली त्याच्या भिंती एका रात्रीत गेल्या. कुणी पाडलं, कुणाच्या सांगण्यावरून, यावर आपल्याच समाजात जी भांडणं झाली ती पोरांपासून आम्ही लपवली नाहीत. शत्रूच पाडतो असं नाही, हेही त्यांना कळलं पाहिजे.

दुपारी घाटकोपर. रविवार म्हणजे मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, त्यामुळे गाड्यांची वाट बघण्यात पाऊण तास गेला. इथे नेण्यावरून आमच्यात आदल्या रात्री वाद झाला होता. मुलीनं जे सुनावलं त्यानंतर पुन्हा गोळीबाराच्या जागी न्यायचं? शेवटी आम्ही तिघांनाच विचारलं. "जायचं," मुलगी म्हणाली. "विचारून नेताय तर जायचं."

माता रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७. पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक सकाळी रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी आपलं जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' तिथूनच सुरू होतो. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये जन्मठेप झाली, पुढे उच्च न्यायालयात जामीनही झाला. एवढं सांगून आम्ही गप्प बसलो. बाकी एका मावशींनी सांगितलं, त्यांनी चहा ठेवला होता. पण त्यांना सत्त्याण्णवबद्दल फारसं बोलायचं नव्हतं. त्या पुनर्विकासाबद्दल बोलत होत्या. वस्ती जाणार, इमारत होणार, तोवर भाडं मिळणार, कुठे राहायला जायचं, कागदपत्रं कोणती, नाव यादीत आहे का. मुलीनं त्यांचे कागद बघितले, बँकेच्या परीक्षेची तयारी केलेली पोर, तिनं अर्ध्या तासात त्यांना दोन अर्ज समजावून दिले.

आता मुद्दा असा आहे की हे सगळं चाललंय. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी चाळी पडतायत, तिथे उंच इमारती येतायत. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, त्याला आम्ही विरोध करणार नाही. चाळीच्या आठवणींवर कविता करायला चाळीत राहावं लागत नाही. पण वरळीच्या त्या चाळींत ५ जानेवारी १९७४ ला दंगल पेटली, पाच दिवसांनी निषेधाच्या मोर्चात वरून पडलेल्या पाट्यानं पँथर भागवत जाधव गेला. नव्या टॉवरच्या लॉबीत हे कुठे लिहिलेलं असणार? दामोदर हॉलच्या जागी जे येईल त्याच्या दारावर बहिष्कृत हितकारिणी सभा हे नाव असेल का? वामनदादा कर्डक याच मुंबईच्या कामगार वस्तीत मोठेपणी अक्षर गिरवायला शिकले, कुठल्या खोलीत ते दाखवणारं उद्या कुणी उरेल का? घर मोठं होऊ द्या, पण पत्ता पुसू देऊ नका. सरकार फलक लावेल या आशेवर बसलो तर इंदू मिलसारखी वाट बघावी लागेल. दर शनिवार-रविवारी चार पोरांना घेऊन कुणीतरी त्या जिन्यापाशी उभं राहिलं, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

कान्हेरी राहिली. शंभराहून जास्त लेणी, दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख, प्रत्येक विहाराजवळ दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या. पाण्यासाठी महाडला जावं लागलेल्या समाजाच्या पोरांना या टाक्या दाखवायच्याच होत्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पूर्ण दिवस जातो आणि सोमवारी बंद असतं, म्हणून पुढच्या खेपेला. कामाठीपुराही राहिला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' वाचल्याशिवाय तिथे कुणाला न्यायला आम्ही तयार नाही, कारण न वाचता गेलं की बघणारे आणि बघितले जाणारे अशी विभागणी होते आणि मन्नतपेक्षा ते वाईट.

सिद्धिविनायकाचं काय, असं कुणी विचारेल. धाकट्यानं विचारलंच होतं, आजीनं प्रसाद आणायला सांगितलाय म्हणून. बावीस प्रतिज्ञांवर आम्ही त्याला काही बोललो नाही. त्यानंच दादरला चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवरून आजीसाठी रमाईचा फोटो घेतला. आजी काय म्हणाली ते अजून कळलेलं नाही.

रात्री देवगिरी सुटायला वेळ होता. सीएसएमटीच्या फलाटावर मोठ्यानं मोबाइलवरची जुनी यादी उघडली. मरीन ड्राइव्हपुढे खूण केली. गेटवे आणि ताज फोर्टमधून परतताना दुरून दिसले होते, तिथे त्यानं अर्धी खूण केली. मन्नत आणि अँटिलिया तशीच ठेवली. "पुढच्या वेळी," तो म्हणाला, आणि आम्ही हसलो. बघू दे की.

परीक्षेचा निकाल लागला. मुलगी पास झाली, मुलगे नाही. मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. तिच्या गावातून सहा जण येतायत, त्यात दोन जण तिची आई आणि मावशी. सहा डिसेंबरला नाही, साध्या शनिवारी. त्यांना आधी समुद्र दाखवणार आहे, मग चाळ. पत्ता नीट पाठवा म्हणाली. आम्ही पाठवला: मध्य रेल्वेचं परळ स्टेशन, पूर्वेला उतरायचं, पोयबावडी विचारायची, एक नंबरची बीआयटी चाळ, दुसरा मजला, जिना सावकाश चढायचा.